‘सर्वानुमते मंजूर’

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत ग्रामसभेचे दृश्य बहुधा ठरलेले असते. ग्रामपंचायतीच्या कचेरीसमोर किंवा शाळेच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली असते. टेबलामागे सरपंच, ग्रामसेवक आणि पंचायत समितीकडून आलेला एखादा अधिकारी बसतो. समोर पहिल्या रांगेत पाचसात जाणती मंडळी, त्यांच्या मागे इतर पुरुष, आणि सर्वांत मागे, भिंतीच्या कडेला वा झाडाच्या सावलीत, स्त्रिया. ग्रामसेवक विषयपत्रिका वाचतो, पहिल्या रांगेतले चार आवाज बोलतात, मागची माणसे ऐकत राहतात. अखेरीस ‘कोणाला काही सांगायचे आहे का?’ असा प्रश्न विचारला जातो. कोणी काही सांगत नाही. नोंदवहीत सूचक व अनुमोदक यांची नावे पडतात आणि त्याखाली ठराविक दोन शब्द लिहिले जातात : ‘सर्वानुमते मंजूर’. सह्या आणि अंगठे घेऊन सभा संपते.

या दोन शब्दांची एकदा कसून तपासणी व्हावयास हवी. कारण ज्या सभेत दहांपैकी नऊ सभासद काहीच बोलले नाहीत, तिचे ‘सर्वांचे मत’ कोणी आणि कसे मोजले, हा प्रश्न केवळ कार्यपद्धतीचा नाही. तो लोकशाहीचा आहे. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन ज्यांनी रूढ केले त्यांच्यावर बोलल्याबद्दल उपाशी राहण्याची पाळी कधी आलेली नव्हती.

मौनाची सोपी स्पष्टीकरणे

गप्प बसणाऱ्या सभासदांविषयी तीन स्पष्टीकरणे सर्रास ऐकू येतात. आदिवासी स्वभावतःच बुजरा आहे, हे पहिले. तो अज्ञानी आहे, त्याला विषय समजत नाहीत, हे दुसरे. आणि त्याला सार्वजनिक कामात रस नाही, घरकुल किंवा दाखला मिळाला की त्याचे काम झाले, हे तिसरे. अधिकारी ही स्पष्टीकरणे देतात यात नवल नाही. परिवर्तनाची भाषा बोलणारे कार्यकर्तेही खाजगीत तीच देतात, ही चिंतेची बाब आहे.

ही तीनही स्पष्टीकरणे पुराव्यावर टिकत नाहीत. याच मोखाडा-जव्हारच्या गावांत बोहाडा भरतो. गणपतीपासून रावणापर्यंतची सोंगे रात्रभर नाचविली जातात. कोणते सोंग कोणत्या घराण्याने नाचवायचे, वर्गणी किती काढायची, पाहुण्यांची व्यवस्था कोणी करायची, हे सारे गाव आपसांत ठरविते. त्यासाठी शासनाचे परिपत्रक लागत नाही आणि गणपूर्तीअभावी बोहाडा तहकूब झाल्याचे कोणी ऐकलेले नाही. ग्रामसभेत मान खाली घालून बसलेला माणूस तेथे शेकडो लोकांसमोर मुखवटा चढवून उभा राहतो आणि व्यवस्थेत काही चुकले तर चारचौघांत वाददेखील घालतो. तेव्हा बुजरेपणा आणि अनास्था हा त्याचा स्वभाव नव्हे. सभा बदलली की त्याचे वागणे बदलते. याचा अर्थ, मौनाचे कारण माणसात शोधण्याआधी सभेत शोधले पाहिजे.

इतिहासाची साक्षही तीच आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा उंबरगाव तालुक्यातील मूठभर वारली तेथे आले होते. उंबरगाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होता. त्यांच्यापैकी माह्या धांगडा व्यासपीठावर चढले आणि वेठीचे दुःख त्यांनी सभेपुढे मांडले. त्यानंतर चारच महिन्यांनी, २३ मे १९४५ रोजी, झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करावयाची नाही, बारा आणे रोजाखेरीज जमीनदाराच्या शेतावर जावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. ज्यांना पिढ्यान्पिढ्या मुके समजले गेले होते त्यांनी हे ठरविले. गोदावरी परुळेकर यांनी ही हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली आहे. त्यांचा पक्ष समाजवाद्यांचा नव्हता, परंतु त्यांच्या अनुभवातून शिकण्यास पक्षभेदाची आडकाठी असण्याचे कारण नाही. चार महिन्यांत वारल्यांचा स्वभाव बदलला नव्हता. बदलली होती ती एकच गोष्ट : बोलणारा आता एकटा नव्हता.

बोलण्याची किंमत

अर्थशास्त्रात एक साधा प्रश्न विचारण्याची रीत आहे : एखाद्या कृतीचा लाभ कोणाला आणि तिची किंमत कोणाला? ग्रामसभेत उठून ‘पाणीपुरवठ्याच्या कामाचा हिशेब दाखवा’ असे म्हणणाऱ्या माणसाला हा प्रश्न लावून पाहावा. हिशेब निघाला आणि नळाला पाणी आले तर ते साऱ्या पाड्याला मिळेल. बोललेल्याला जसे मिळेल तसेच गप्प बसलेल्यालाही मिळेल. परंतु रोष मात्र एकट्या विचारणाऱ्याच्या वाट्याला येईल. त्याचे घरकुलाचे प्रकरण अपुरे ठरेल, मुलाच्या दाखल्यासाठी चार खेपा पडतील, कामाच्या हजेरीपटावर त्याचे नाव राहून जाईल. मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली सामूहिक कृतीविषयीच्या ग्रंथात हेच गणित मांडले : लाभ सर्वांचा आणि भुर्दंड एकट्याचा असेल, तर शहाणा माणूस पुढे होत नाही. जव्हारच्या शेतमजुराने ओल्सन वाचलेला नाही. पण हे गणित त्याला कोणत्याही पदवीधरापेक्षा अधिक अचूक येते, कारण त्याचे उत्तर चुकले तर त्याची चूल विझते.

यात पुन्हा विषमता आहे. पहिल्या रांगेतील माणसाला बोलणे स्वस्त पडते. त्याच्याकडे दुकान आहे, वाहन आहे, नोकरीतला भाऊ आहे. एक अर्ज अडला तर त्याचे अडत नाही. मागच्या रांगेतील कातकरी कुटुंबाला तेच वाक्य दहापट महाग पडते. अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद आदिवासींसाठी राखीव आहे, म्हणून तेथे वर्चस्व उरले नाही असे मानणे भोळेपणाचे होय. आदिवासींमध्येही जमीनवाला आणि भूमिहीन, ठेकेदार आणि मजूर, मोठ्या गावातला आणि दूरच्या पाड्यावरचा असे थर पडलेले आहेत. सभेतील बोलणे आणि मौन यांची वाटणी याच थरांनुसार झालेली आढळते.

मौनाचे आणखी एक कारण अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाच्या विचारातून उलगडते. संस्थेविषयी असमाधानी असलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, असे त्याने १९७० मध्ये मांडले : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. जव्हार-मोखाड्यात बाहेर पडण्याची वाट दरवर्षी चालू लागते. भात आणि नागली-वरई घरात आली, दिवाळी झाली, की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. पुष्कळांनी भट्टीवाल्याकडून आधीच बयाणा उचललेला असतो. गावात ज्याचे पोट भरत नाही तो गावाच्या सभेत भांडत बसत नाही. तो गठुडे बांधतो. असे पाऊल उचललेला माणूस सभेत कधीच बोलत नाही, कारण तो सभेला नसतोच.

दिनदर्शिका, अंतर आणि भाषा

येथे शासनाच्या दिनदर्शिकेकडे पाहावे. ग्रामसभा प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना धरून भरतात. २६ जानेवारीला अर्धा पाडा भट्टीवर असतो. १ मे रोजी जे गावात असतात त्यांच्यातील स्त्रिया पाण्याच्या मागे असतात. ज्या तालुक्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस कोसळतो आणि ज्याच्या हद्दीवरील मध्य वैतरणा धरण मुंबईला पाणी पुरविते, त्या मोखाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. १५ ऑगस्टला शेतीची कामे अंगावर असतात आणि ओढ्यांना पूर असतो. २ ऑक्टोबरला पीक कापणीला येऊ लागते. म्हणजे राष्ट्रीय सणांना सोयीचा असलेला प्रत्येक दिवस मजुराला गैरसोयीचा ठरतो. गट ग्रामपंचायतीत पाडे एकमेकांपासून कोसा-दोन कोसांवर विखुरलेले असतात. त्या अंतराचाही एक रोज बुडतो. गणपूर्ती न झाल्यामुळे तहकूब झालेल्या सर्वसाधारण ग्रामसभेला पुन्हा गणपूर्तीची अट राहत नाही. त्या वेळी जे हजर असतील तेच ‘सर्व’ ठरतात.

जे पोचतात त्यांच्यासमोर भाषेची भिंत असते. घरात वारली, कोकणा वा कातकरी बोली. सभेत ‘विनियोग’, ‘अंदाजपत्रक’, ‘प्रशासकीय मान्यता’, ‘आयत्या वेळचे विषय’. राममनोहर लोहिया यांनी भारतातील सत्ताधारी वर्गाची तीन लक्षणे सांगितली होती : उच्च जात, संपत्ती आणि इंग्रजी शिक्षण. लोकांच्या कारभाराची भाषा लोकांची नसेल तर लोक कारभाराबाहेर राहतात, हा त्यांचा आग्रह इंग्रजीपुरता नव्हता. कचेरीतील मराठी हीदेखील मोखाड्याच्या पाड्यावर परकी भाषा ठरू शकते. आपले बोलणे शुद्ध नाही, लोक हसतील, ही भीती रोषाच्या भीतीइतकीच खरी असते. एखाद्या तरुणीच्या बोलीतील एका शब्दावर पहिल्या रांगेतून हशा पिकला, तर त्या पाड्यावरची पुढची दहा बोलणी त्या हशाने मारली जातात.

मौनाने काय गमावले

या मौनाची हानी केवळ भावनिक नाही. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार तेथील दर दहा माणसांपैकी नऊ आदिवासी आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला जे अधिकार दिले ते देशातील इतर गावांना नाहीत. विकासाच्या योजनांना मान्यता देणे, लाभार्थी निवडणे, गौण वनोपजावर मालकी, आणि पंचायतीने खर्च केलेल्या पैशाच्या विनियोगाचे प्रमाणपत्र देणे, हे ग्रामसभेचे काम आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीचा पाच टक्के वाटा अबंध निधी म्हणून थेट गावपातळीवर येऊ लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी तर ग्रामसभेला निम्म्या सभासदांची उपस्थिती आणि उपस्थितांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात अशी अट घातली. कायद्याने इतके दिले; पण कायद्याने दिलेली प्रत्येक गोष्ट सभेच्या तोंडून मागावी लागते. मौन पाळणाऱ्या सभेत खर्चाचे प्रमाणपत्र तिच्याच नावाने तयार होते. लुटीवर लुटल्या गेलेल्याचा अंगठा उमटतो, तो असा.

या प्रदेशात मौनाची किंमत मुलांच्या प्राणांनीही मोजली गेली आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभरावर बालके कुपोषणाने आणि साथीने दगावली. वृत्तपत्रांतून हाहाकार झाल्यावर शासन जागे झाले. मुले एका दिवसात मेलेली नव्हती. आयांना ठाऊक होते, पाड्यांना ठाऊक होते. परंतु त्यांचे ठाऊक असणे जेथे नोंदले जावे अशी जागा नव्हती. पुढे २०१६ मध्ये मोखाड्यातील खोच येथे कुपोषणाने बालक दगावल्यानंतर मंत्री तेथे पोचले, तेव्हा इतक्या उशिरा का आलात, असा जाब गावकऱ्यांनी विचारला. चोवीस वर्षांत बोलणे आले, पण तेही मृत्यूनंतर. मृत्यूआधी बोलता येईल अशी सभा उभी करणे हे राजकारणाचे काम आहे.

आडवी बाटली काय शिकविते

‘ज्याला बोलायचे आहे तो बोलतोच, इतरांना दार उघडेच आहे’ असा एक युक्तिवाद केला जातो. महाराष्ट्रातील स्त्रियांनी त्याला उत्तर दिलेले आहे. गावातील दारूच्या दुकानाविषयी भर सभेत हात वर करा म्हटले की स्त्रियांचे हात पदराखाली राहतात. शेजारी नवरा असतो, मागे दुकानवाला उभा असतो. परंतु स्त्रियांचे गुप्त मतदान घेण्याची तरतूद झाली आणि ‘उभी बाटली, आडवी बाटली’ अशा चिन्हांच्या मतपत्रिका त्यांच्या हातात आल्या, तेव्हा राज्यातील अनेक गावांत दुकाने बंद झाली. स्त्रिया त्याच होत्या, गावही तेच होते. बोलण्याची किंमत तेवढी खाली आली होती. यावरून निघणारा निष्कर्ष या लेखाचा गाभा आहे : मौन हे मताचा अभाव नव्हे, ते मत व्यक्त करण्याच्या किमतीचे माप आहे.

अर्थात प्रत्येक मौन हे दडपलेपणच असते, असेही नाही. काही माणसे ऐकून घेतात, घरी जाऊन विचार करतात, विहिरीवर आणि चुलीपाशी ती गोष्ट पुढे नेतात. तारप्याच्या नाचात वादक एक असतो. म्हणून फेर धरणारे निष्क्रिय ठरत नाहीत. ऐकणारा सभासददेखील सभासदच आहे आणि त्याला बळेच उभे करून बोलावयास लावणे हा त्याचा अपमान होय. फरक इतकाच की, फेर धरणाऱ्याला वाटेल तेव्हा फेर सोडता येतो. मौन निवडलेले आहे की लादलेले, याची कसोटी हीच : उद्या त्याने बोलायचे ठरविले तर त्याला ते परवडेल काय?

पक्षाच्या अंगणात

हा प्रश्न ग्रामसभेपाशी थांबत नाही. तालुक्याच्या गावी पक्षाची बैठक भरते तेव्हा सतरंजीवरची मांडणी फारशी वेगळी नसते. पहिली वीस मिनिटे स्वागताची, पुढचा तास वरून आलेल्या नेत्याचा, मग जुन्या चार कार्यकर्त्यांची भाषणे, आणि शेवटी चहा आल्यावर ‘पाड्यावरच्या साथींनी काही सूचना असल्यास मांडाव्यात’. साथी काही मांडत नाहीत. ठराव एकमताने संमत होतात. रॉबर्ट मिखेल्स याने १९११ साली युरोपातील समाजवादी पक्षांचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की, समतेसाठी स्थापन झालेल्या संघटनाही मूठभरांच्या हाती जातात आणि सामान्य सभासद प्रेक्षक होतो. मिखेल्सने हा अटळ नियम मानला आणि पुढे तो स्वतः मुसोलिनीच्या गोटात गेला. समाजवाद्यांनी त्याचे निदान गांभीर्याने घ्यावे, त्याची हताशा मात्र घेऊ नये.

कार्यकर्त्याचा एक दोष तर त्याच्या सद्गुणातूनच जन्मतो. तो गरिबांच्या वतीने बोलतो. तो चांगले बोलतो, निर्भयपणे बोलतो, आणि वर्षानुवर्षे तोच बोलतो. हळूहळू पाड्याची सवय होते की, बोलायला ‘भाऊ’ आहेत. अधिकाऱ्याचीही सवय होते की, भाऊंचे समाधान झाले म्हणजे पाड्याचे झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक सुरू केले त्याचे नाव ‘मूकनायक’ होते. त्यांच्या चळवळीने मुक्यांना कायमचा प्रवक्ता पुरविला नाही. मुक्यांमधून हजारो वक्ते उभे केले. जो कार्यकर्ता दहा वर्षांनंतरही पाड्याचा एकमेव आवाज आहे, त्याने पाड्याची सेवा केली असेल. संघटना केलेली नाही.

करण्याजोगे

उपाय मोठे नाहीत, पण ते चिकाटी मागतात. ग्रामसभेच्या आधी रात्री पाड्यावर बसून विषयपत्रिका बोलीत समजावून सांगावी. पाड्यातील मतदारांनी ठराव करून मागणी केल्यास पाड्याला स्वतंत्र गावाचा दर्जा देण्याची तरतूद पेसाच्या नियमांत आहे. तिचा उपयोग करून सभाच माणसाच्या दारात न्यावी. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे; ती कागदावर उरकू देऊ नये, तिचे ठराव मुख्य सभेत सर्वप्रथम वाचले जावेत असा आग्रह धरावा. स्थलांतराच्या तारखा लक्षात घेऊन, माणसे गावात असतील तेव्हा जादा सभेची मागणी करावी. आणि जे गेलेच, त्यांच्याशी पक्षाने भट्टीवर जाऊन बोलावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणालाही एकट्याने प्रश्न विचारू देऊ नये. अवघड प्रश्न पाड्यातील पाच जणांनी मिळून, एकाच कागदावर, एकाच वेळी विचारावा, म्हणजे रोष पाचांत वाटला जातो आणि झेपण्याजोगा होतो. विचारल्यानंतर ज्याचा दाखला अडेल त्याच्या सोबत दुसऱ्या दिवशी कचेरीत उभे राहणे, हे कार्यकर्त्याचे खरे भाषण होय. सभा संपताना इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखविल्याशिवाय अंगठा देऊ नये, आणि विरोध असेल तर तो नावाने नोंदवून घ्यावा. पक्षाच्या बैठकीतही क्रम उलटा करावा : आधी पाडा, मग तालुका, सर्वांत शेवटी नेता. नेत्याला बोलण्यास वेळ उरला नाही तर बैठक यशस्वी झाली असे समजावे.

१३४३ पासून १९४८ पर्यंत, सहाशे वर्षे, जव्हार हे संस्थान होते. तेथील प्रजेला दरबारात उभे राहून ऐकण्याची सवय होती. संस्थान विलीन झाले, प्रजा नागरिक झाली, कागदावर ग्रामसभा सार्वभौम झाली. पण सतरंजीची मांडणी दरबाराचीच राहिली. ती मोडल्यावाचून कायद्याचे एकही कलम पाड्यावर पोचणार नाही. ज्या दिवशी जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या नोंदवहीत ‘सर्वानुमते’ऐवजी ‘इतके बाजूने, इतके विरुद्ध, अमुक पाड्याच्या स्त्रियांचा आक्षेप नोंदविला’ असे ओबडधोबड वाक्य लिहिले जाईल, त्या दिवशी तेथे लोकशाही थोडी पुढे सरकली असे म्हणता येईल.